एनएफएस माउंट परत एनएफएसवरूनच शेअर करायचंय? आधी हे बघून घ्या

एनएफएस म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनचे फोल्डर वापरायची सोय. मूळ सर्व्हर लांब आहे, लिंक मंद आहे आणि इकडे पन्नास मशिन्स त्याच फाइल्स परत परत वाचतायत, तर मध्ये एक लिनक्स सर्व्हर ठेवून मूळ शेअर त्याच्यावर माउंट करायचा (जोडून घ्यायचा) आणि तोच पुढे एक्सपोर्ट करायचा (बाकी मशिन्सना खुला करायचा). लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) ही सोय 2017 मध्ये, व्हर्जन 4.13 पासून आली.

मधल्या सर्व्हरवर माउंट नेहमीसारखंच, शक्यतो एनएफएस व्हर्जन 4.2, हार्ड माउंट (सर्व्हर अडला तरी एरर न देता वाट बघणारं). डिस्कवर कॅश हवी असेल तर एफएससी ऑप्शन लावा आणि कॅश सांभाळणारी कॅशफाइल्सडी ही सर्व्हिस चालू ठेवा, वाचायचंच काम जास्त असेल तर याचा खूप फायदा होतो.

आता एक्सपोर्ट्स फाइल, म्हणजे काय शेअर करायचं ते जिथे लिहितो ती. इथे एफएसआयडी (फाइलसिस्टिमचा ओळख-नंबर) सहसा स्वतः द्यावा लागतो, कारण लोकल डिस्कचा यूयूआयडी (आपोआप मिळालेला वेगळा ओळख-क्रमांक) असतो तसा एनएफएस माउंटला नसतो, मग कर्नलने ओळखायचं कशावरून? प्रत्येक माउंटला वेगळा नंबर द्या, समजा 7, आणि एकदा दिलेला नंबर कधीच बदलू नका, नाहीतर सगळ्या क्लायंटना, म्हणजे फाइल्स वापरणाऱ्या मशिन्सना, स्टेल फाइल हँडल (फाइलची जुनी ओळख आता चालत नाही, अशी एरर) येतो. आत अजून माउंट्स असतील तर नुसत्या क्रॉसमाउंटवर (आतली माउंट्सही सोबत दाखवणारा ऑप्शन) विसंबू नका, त्यांनाही आपापला एफएसआयडी द्या.

त्याच ओळीत माउंटपॉइंट हा ऑप्शनही टाकाच, हे मी कळकळीने सांगतोय. आमच्याकडे रीबूटनंतर मूळ माउंट झालंच नव्हतं, रिकामा फोल्डर त्याच नंबराने एक्सपोर्ट झाला आणि लोकांनी अर्धा दिवस त्यात फाइल्स टाकल्या, नंतर माउंट वर आलं तेव्हा त्या सगळ्या त्याच्याखाली झाकल्या गेल्या. हा ऑप्शन असला की माउंट नसेल तर एक्सपोर्टच होत नाही.

पुढची गोष्ट हँडलच्या साइजची. हँडल म्हणजे सर्व्हरने फाइलला दिलेली ओळख. मधला सर्व्हर मूळ हँडलला 22 बाइट्स जोडतो आणि बेरीज चारच्या पटीत वर नेतो. एनएफएस 3 मध्ये मर्यादा 64 बाइट्सची, म्हणजे मूळ हँडल 42 पर्यंत असेल तर ठीक, 44 असेल तर 66 होतात, ते 68 वर जातात आणि मामला तिथेच अडकतो. व्हर्जन 4 मध्ये 128 चालतात, म्हणून क्लायंटना शक्यतो 4 वरच ठेवा.

आणि लॉक्स, म्हणजे एक जण फाइल वापरत असताना दुसऱ्याने ती बदलू नये म्हणून लावलेली कुलपं. मधला सर्व्हर रीबूट झाला तर क्लायंट आपले लॉक परत मागतात, पण मूळ सर्व्हर तर चालूच होता, तो ग्रेस पिरियडमध्ये (रीबूटनंतर जुने लॉक परत मागायची मुदत) नाही, मधल्या वेळात फाइल दुसऱ्या कुणी बदलली नाही याची हमी तो देऊ शकत नाही. म्हणून नवीन कर्नल मधल्या सर्व्हरवरून लॉक देतच नाही, ऑपरेशन नॉट सपोर्टेड येतं. ते बरोबरच आहे, खोटी हमी मिळण्यापेक्षा एरर परवडली. डेटाबेस किंवा मेलबॉक्स ठेवायचे असतील तर ते मशीन थेट मूळ सर्व्हरलाच जोडा.