एचआयव्हीचा कायदा, धोरण आणि निधी: नाशिकच्या छोट्या ग्रुपने जोर कुठे लावायचा

नाशिकमध्ये एचआयव्हीवर काम करणाऱ्यांकडून एक रडगाणं कायम ऐकू येतं, की धोरण दिल्लीत नाको (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) ठरवतं, पैसा मुंबईत वडाळ्याच्या एमसॅक्समधून (महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था) येतो, मग आपण इथे सिव्हिलच्या आवारात बसून करणार काय? मला हे अजिबात पटत नाही. वरच्या लोकांना सगळ्यात जास्त अडचण होते ती खालून आलेल्या तारखेसकट, आकड्यासकट कागदाची, आणि तो कागद फक्त तुमच्याकडेच तयार होऊ शकतो. तो कसा तयार करायचा आणि कुठल्या टेबलावर नेऊन ठेवायचा एवढंच इथे सांगतो.

आधी थोडं मागचं, कारण मीटिंगमध्ये कामाला येतं. १९९७ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की माणूस काम करायला फिट असेल तर नुसता एचआयव्ही आहे म्हणून त्याला नोकरीवरून काढता येणार नाही, आणि त्या केसमध्ये त्या कामगाराचं नावसुद्धा कोर्टाने उघड होऊ दिलं नाही. पुढे २००२ पासून लॉयर्स कलेक्टिव्हच्या वकिलांनी पॉझिटिव्ह, म्हणजे एचआयव्ही असलेल्या लोकांच्या नेटवर्कसोबत बसून एचआयव्ही-एड्स कायद्याचा मसुदा केला, बिल राज्यसभेत आलं २०१४ मध्ये, पास झालं २०१७ मध्ये आणि प्रत्यक्ष लागू झालं १० सप्टेंबर २०१८ ला. म्हणजे मोजा किती वर्षं गेली ते. एवढं करूनही कलम १४ मध्ये सरकारने औषधं आणि तपासण्या 'शक्य तितक्या' पुरवाव्यात असे शब्द राहिलेच, ते काढा म्हणून संघटनांनी तेव्हा बरीच बोंब मारली, पण ते निघाले नाहीत. आता 'शक्य' किती आहे हे जो तो आपल्या सोयीने ठरवतो, म्हणून आपल्याकडे हिशोब पाहिजे.

तर पहिलं काम म्हणजे एक साधी दोनशेपानी वही. एआरटी सेंटरबाहेर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या सरकारी केंद्राबाहेर, आपला जो कोणी पिअर (स्वतः एचआयव्हीसह जगणारा साथीदार कार्यकर्ता) असतो त्याने त्यात लिहायचं: तारीख, कुठलं औषध, किती दिवसांचं मिळायला पाहिजे होतं, किती दिवसांचं मिळालं, माणूस कुठल्या तालुक्यातून आला. बास. नाव नाही, मोबाईल नंबर नाही, एआरटी नंबर तर अजिबात नाही. एखादी बाई सुरगाण्याहून पहाटेची एसटी धरून येते, दिवसाची मजुरी बुडवते आणि तिला टीएलडीची, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळीची, तीस गोळ्यांची सीलबंद बाटली मिळायच्या ऐवजी कागदाच्या पुडीत मोजून दहा गोळ्या मिळतात, ही गोष्ट तोंडी सांगितली की 'अहो एखाद्या वेळी होतं' म्हणून संपते, पण वहीत अशा ओळी खाली खाली दिसायला लागल्या की कोणी असं म्हणत नाही. पुडीचा फोटो काढला तरी चालेल, फक्त मागे कोणाचा चेहरा किंवा पेशंटचं एआरटीचं हिरवं कार्ड येऊ देऊ नका. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर असले फोटो टाकूच नका, एकदा फॉरवर्ड झाला की गेला.

२०२२ मध्ये दिल्लीत औषधांच्या तुटवड्याविरुद्ध कार्यकर्ते नाकोच्या ऑफिसबाहेर ४२ दिवस बसले होते आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. असं आंदोलन सुरू होतं तेव्हा वेगवेगळ्या जिल्ह्यांतून माहिती मागवली जाते आणि ज्यांच्याकडे तयार असते त्यांचीच घेतली जाते, बाकीचे 'आमच्याकडे पण हेच चाललंय हो' म्हणत बसतात.

वहीत महिना दोन महिन्यांचं साठलं की माहिती अधिकार टाकायचा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, नाहीतर राज्य सरकारच्या ऑनलाईन पोर्टलवरून भरा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, त्यामुळे सगळा राग एकाच अर्जात काढू नका. आणि संस्थेच्या लेटरहेडवर टाकू नका, माहिती मागायचा अधिकार नागरिकाचा आहे असं सांगून अर्ज परत येऊ शकतो, एखाद्या पदाधिकाऱ्याने स्वतःच्या नावाने टाकावा, आणि ज्याला आपलं नाव या विषयाशी जोडलं गेलं तर चालणार आहे अशानेच. मजकूर साधारण असा:

'दिनांक अमुक ते तमुक या कालावधीत जिल्ह्यातील एआरटी केंद्रामध्ये टीएलडी गोळ्यांचा महिनानिहाय सुरुवातीचा साठा, प्राप्त साठा, वाटप व शिल्लक याची साठा नोंदवहीनुसार प्रत मिळावी. याच कालावधीत साठा कमी असल्याबाबत वरिष्ठ कार्यालयास पाठवलेल्या पत्रांच्या किंवा ईमेलच्या प्रती मिळाव्यात.'

दुसरं वाक्य फार महत्त्वाचं आहे बरं का. पुष्कळदा इथल्या स्टाफने वर कळवलेलं असतं आणि अडकलेलं वर असतं, अशा वेळी इथल्या फार्मासिस्टवर तुटून पडून काही मिळत नाही, उलट तोच तुमचा माणूस होऊ शकतो. उत्तर ३० दिवसांत यायला पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील त्याच ऑफिसच्या वरिष्ठाकडे, मग दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. औषध आजच संपलंय आणि जीवाचा प्रश्न आहे असं असेल तर ४८ तासांत माहिती द्यायची तरतूद त्याच कायद्यात आहे, तसं अर्जात वरतीच स्पष्ट लिहा. पण ही तरतूद उगाच वापरू नका, किंमत जाते. आणि एवढं लक्षात ठेवा की माहिती अधिकाराने औषध मिळत नाही, कागद मिळतो. औषधासाठी त्याच दिवशी मेडिकल ऑफिसर, मग डापकू (जिल्हा एड्स नियंत्रण कक्ष), मग सिव्हिल सर्जन, अशी फोनाफोनी करावीच लागते.

आता भेदभावाचं. ऑपरेशनच्या आधी न विचारता टेस्ट केली, रिपोर्ट आल्यावर 'आमच्याकडे सोय नाही, मोठ्या हॉस्पिटलात जा' म्हणून वाटेला लावलं, केसपेपरच्या कव्हरवर लाल पेनाने मोठ्ठं 'पॉझिटिव्ह' लिहून फाईल सगळ्या वॉर्डभर फिरवली. हे तिन्ही प्रकार आपल्या शहरात नवीन नाहीत. संमतीशिवाय टेस्ट नाही हे कलम ५, माहिती फोडायची नाही हे कलम ८, आणि उपचार किंवा नोकरी नाकारणं, नोकरीसाठी आधी टेस्ट मागणं हे कलम ३ मध्ये येतं. कलम २१ प्रमाणे वीस किंवा जास्त माणसं असलेल्या हॉस्पिटलने आणि शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या बाकीच्या आस्थापनेने, म्हणजे सातपूर-अंबडच्या कंपन्यासुद्धा, तक्रार अधिकारी नेमायलाच पाहिजे. आता तुम्ही रिसेप्शनवर जाऊन विचारा 'एचआयव्ही कायद्याखालचे तक्रार अधिकारी कोण?' बहुतेक ठिकाणी समोरचा तुमच्याकडे बघतच राहतो.

यातूनच एक चांगलं काम निघतं ज्याला पैसे लागत नाहीत. दहा-पंधरा मोठ्या हॉस्पिटलांची यादी करा, प्रत्येकाला एकसारखं, सभ्य भाषेतलं पत्र द्या, की तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क कळवावा, पोच घ्या. पंधरा दिवसांनी आठवणपत्र द्या. मग कोणी उत्तर दिलं, कोणी नाही याचा एक पानी तक्ता करून सिव्हिल सर्जन आणि महापालिकेच्या आरोग्याधिकाऱ्यांना द्या, आणि तरी हललं नाही तर कलेक्टर ऑफिसच्या लोकशाही दिनाला, तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण अर्ज आधी द्यावा लागतो तेव्हा आदल्या महिन्यातच तयारीला लागा. सुरुवातीलाच कोणाचं नाव पेपरात देऊन बदनामी करू नका, उद्या आपल्याच पेशंटला तिथे ॲडमिट करायची वेळ येते.

प्रत्यक्ष माणसाची तक्रार असेल तर आधी त्याला किंवा तिला विचारा, पुढे जायचंय का. नाही म्हटलं तर विषय संपला. हो म्हटलं तर राज्याचा लोकपाल, म्हणजे कायद्यातला ऑम्बड्समन, त्याच्याकडे तक्रार जाते. ३० दिवसांत आदेश व्हायला पाहिजे आणि मेडिकल इमर्जन्सी असेल तर शक्यतो २४ तासांत. आदेश पाळला नाही तर दहा हजारांपर्यंत दंड, आणि तरी चालूच ठेवलं तर दिवसाला पाच हजारांपर्यंत. केस कोर्टात गेली तर ओळख लपवून ठेवायची मागणी करता येते, हे त्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगा, निम्मी भीती तिथेच उतरते. आणि लोकपालाने दर सहा महिन्यांनी किती आणि कसल्या तक्रारी आल्या याचा अहवाल द्यायचा असतो, तो वेबसाईटवर यायला हवा असं कायदाच म्हणतो. हा अहवाल मागणं हा नुसता प्रश्न म्हणूनही जबरदस्त आहे, आपल्या आमदाराला तारांकित प्रश्नासाठी आयता द्या, लिहूनच द्या, त्यांच्या पीएला टाईप करायचा कंटाळा असतो.

पैशाचं गणित जरा वेगळं. राष्ट्रीय कार्यक्रमाचा पैसा केंद्राचा, पाचव्या टप्प्याला २०२१ ते २०२६ साठी १५,४७१ कोटींच्या वर रक्कम मंजूर झाली, त्यात तुम्ही इथून बदल करणार नाही. पण त्या पैशात कमी पडणाऱ्या गोष्टी जिल्ह्यात मागता येतात: पेठ-सुरगाण्याच्या लोकांना जवळ गोळ्या मिळण्याची सोय, व्हायरल लोडचे (रक्तात विषाणू किती आहेत त्या तपासणीचे) सॅम्पल वेळेत पोचवायची गाडी, टीबी झालेल्यांना पोषण आहार. यासाठी जिल्हा नियोजन समिती आहे, पालकमंत्री अध्यक्ष असतात. मेख अशी की संस्थेला तिथून थेट पैसा मिळत नाही, प्रस्ताव सरकारी यंत्रणेकडून जावा लागतो, म्हणून सिव्हिल सर्जन किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना तुम्हीच दोन पानी प्रस्ताव करून द्यायचा, खर्चाच्या अंदाजासकट. आदिवासी तालुक्यांसाठी आदिवासी उपयोजनेचं हेड वेगळं आहे, ते विसरू नका. आणि वेळ साधा. दिवाळीच्या आसपास पुढच्या वर्षाच्या आराखड्याची जुळवाजुळव सुरू होते, फेब्रुवारीत निवेदन घेऊन फोटो काढला तर फोटोच मिळतो. सिंहस्थाच्या नियोजनात हजारो मजूर आणि ट्रकवाले शहरात येणार हे धरलेलं असतं, तिथे आरोग्याच्या मीटिंगमध्ये तपासणी आणि कंडोमचा मुद्दा टाकायला कोणीतरी गेलं पाहिजे, साधुग्राम म्हटलं की लोक हा विषय काढायला लाजतात.

कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीत, आरोग्य बसतं, पण संस्थेचं आयकर खात्याकडचं १२ए, ८०जी आणि कंपनी खात्याकडचं सीएसआर-१ रजिस्ट्रेशन नसेल तर कंपनीत चकरा मारू नका. परदेशी निधीच्या भरवशावर तर राहूच नका, २०२० च्या बदलानंतर एफसीआरएचा (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचा) पैसा एका संस्थेने दुसरीला देणं बंदच झालं, त्यामुळे छोट्या ग्रुपांना मोठ्या संस्थेकडून झिरपत येणारं जे होतं तेही आटलं.

राज्य आणि देशपातळीवर जायचं तर एकटे जाऊ नका, राज्यातल्या पॉझिटिव्ह नेटवर्कमार्फत जा. नवे नियम, गाईडलाईन किंवा पुढच्या टप्प्याचा आराखडा यावर सूचना मागवल्या की मुदत थोडीच असते, तेव्हा तुमची वही, माहिती अधिकाराची उत्तरं आणि हॉस्पिटलांचा तक्ता यातून दीड पानाचं टिपण लगेच निघालं पाहिजे. 'कलंक दूर करावा' असलं लिहू नका, त्यावर कोणीच काही करू शकत नाही. 'एआरटी केंद्रात तीन महिन्यांचा राखीव साठा असावा आणि शिल्लक दर आठवड्याला फलकावर लावावी' असं लिहा.

मीटिंगला कोण बोलणार हे आदल्या दिवशी ठरवा. नेहमी तोच इंग्रजी येणारा दादा नको, ज्या बाईला दहा गोळ्या मिळाल्या तिला यायचं असेल तर तिला घेऊन जा, तिचं जाण्यायेण्याचं भाडं आणि त्या दिवसाची मजुरी ग्रुपने द्यायची, आणि आपलं स्टेटस तिथे सांगायचं की नाही हे तिचं तिने ठरवायचं. मीटिंग झाल्यावर मिनिट्सची वाट बघू नका, त्याच संध्याकाळी 'आज चर्चेत खालील मुद्दे मान्य झाले' असा ईमेल साहेबांना टाकून द्या.