स्पोकन इंग्लिशची फी भरण्याआधी या चुका टाळा

कॅम्पस मुलाखतीत नाकारल्या गेलेल्या इंजिनीअरिंगच्या मुलामुलींकडून मी मुलाखतीचा सराव करून घेते. कुठे अडलं, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "मॅडम, इंग्रजी कच्चं आहे." मग तीन महिन्यांचा क्लास लागतो, घरच्यांचे पैसे जातात आणि पुढच्या मुलाखतीत मूल पुन्हा त्याच प्रश्नावर गप्प होतं.

दुखणं न तपासता औषध घेण्याची ही चूक सगळ्यात महागात पडते. तपासायला मोबाइल पुरेसा आहे. रेकॉर्डिंग चालू करा आणि आपल्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टबद्दल दोन मिनिटं बोला, मराठीत, आईला कळेल असं. मग शांतपणे ऐका. मराठीतही सुरुवात सापडत नसेल, "म्हणजे ते असं की" पुन्हा पुन्हा येत असेल, तर आधी मुद्दे लावायला शिका. मराठीत छान जमलं आणि इंग्रजीत अडखळलात, तर क्लास जरूर लावा. दोन्ही भाषांत घरी जमतं, पण समोर तीन अनोळखी माणसं बसली की घसा कोरडा पडतो? मग अनोळखी माणसांपुढे पुन्हा पुन्हा बोलण्याचाच सराव हवा. आणि प्रोजेक्ट विकत आणलेला असेल, तर बोलायला शब्द येणार कुठून? तिथे विषयच शिकावा लागेल. हे सांगताना मला वाईट वाटतं, पण सांगावंच लागतं.

दुसरी चूक मित्रांना विचारताना होते. "मी कसा बोलतो?" याला "मस्त!" हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा, "आत्ता मी जे सांगितलं, त्यातलं तुला काय कळलं नाही?" मानसशास्त्रज्ञ जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांनी 1955 साली मांडलेल्या ‘जोहारी खिडकी’त, म्हणजे स्वतःला ओळखण्याच्या चार कप्प्यांच्या आकृतीत, एक कप्पा असा आहे, जो इतरांना दिसतो आणि आपल्याला दिसत नाही. त्या कप्प्यातलं काही हाती लागायचं, तर प्रश्न असा नेमका हवा.

"संवादात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के" हे वाक्य अनेक कार्यशाळांत ऐकू येतं. त्यावर विसंबून देहबोलीवर पैसे घालवू नका. हे वाक्य ज्यांवरून आलं, ते मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे 1967 मधले प्रयोग आवड-नावड व्यक्त करण्यापुरते होते: शब्द एक सांगतात आणि सूर किंवा चेहरा दुसरंच, तेव्हा ऐकणारा कशावर विश्वास ठेवतो, एवढाच प्रश्न होता. तुमचं तांत्रिक उत्तर चुकलं असेल, तर ताठ बसून ते बरोबर होत नाही.

नोकरीत असलेल्यांनी आणखी एक पाहावं. कँटीनमध्ये तुम्ही तोच विषय सहज समजावता, पण मीटिंगमध्ये दर वेळी मध्येच तोडलं जातं म्हणून गप्प बसता का? तर तुम्हाला बोलता येतंच. वरिष्ठांना आधी भेटून मीटिंगमध्ये बोलायला पाच मिनिटं मागून घ्या.

तपासून झालं की आपल्याला काय शिकायचं ते कागदावर लिहा. पण ‘व्यक्तिमत्त्व विकास’ ही गरज म्हणून लिहू नका, त्यातून काहीच हाती लागत नाही. एक प्रसंग आणि त्यात होणारी एक चूक लिहा. उदाहरणार्थ: "काम लांबणार हे ग्राहकाला फोनवर सांगताना मी कारणं देत बसतो, नवी तारीख सांगतच नाही." हा कागद घेऊन क्लासमध्ये जा आणि फी भरण्याआधी विचारा, "याचा सराव माझ्याकडून किती वेळा करून घ्याल?"