पाच सूत मोठं की नऊ बाय सोळा?

फिटर ट्रेडला नवीन आलेल्या मुलांना वर्कशॉप कॅल्क्युलेशनमध्ये अपूर्णांक आले की घाम फुटतो. मलाही फुटायचा. "छेद समान करा, मग बेरीज करा" हे शाळेपासून पाठ होतं. पण छेद समान कशासाठी करायचा, ते कळलं अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस असताना.

मशीनखाली आडवे झालेले मिस्त्री म्हणाले, "नऊ बाय सोळाचा पाना बसत नाही, एक नंबर मोठा दे." पेटीत ५/८ होता, ११/१६ होता. पाच हा नवापेक्षा लहान, म्हणून मी ५/८ बाजूला सारला आणि ११/१६ दिला. तो बोल्टवर सैल फिरला आणि डोक्याचे कोपरे गेले. मिस्त्री बाहेर आले. ओरडले नाहीत. सगळे पाने फरशीवर मांडायला लावले आणि प्रत्येकाखाली खडूने सोळाच्या छेदात माप लिहायला सांगितलं: ७/१६, ८/१६, ९/१६, १०/१६, ११/१६, १२/१६. सरळ ओळ! पान्यावर मात्र ८/१६ च्या जागी १/२ कोरलेलं असतं, १०/१६ च्या जागी ५/८, १२/१६ च्या जागी ३/४. म्हणून ती ओळ डोळ्यांना दिसत नाही.

वर्कशॉपमध्ये 'सूत' हा शब्द तुम्ही पहिल्याच दिवशी ऐकाल. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाव इंच दोन सूत, अर्धा इंच चार सूत. अर्धा इंची प्लेटवर तीन सुतांची प्लेट ठेवली तर जाडी किती? चार आणि तीन, सात सूत, म्हणजे ७/८ इंच. हेच वहीत १/२ + ३/८ असं आलं की नवखा मुलगा अंशात अंश, छेदात छेद मिळवून ४/१० लिहितो. ४/१० तर अर्ध्यापेक्षाही कमी! दोन प्लेटा मिळून एका प्लेटीपेक्षा पातळ कशा होतील? उत्तर आलं की हा प्रश्न स्वतःला विचाराच.

दुसरी चूक म्हणजे फक्त छेद बदलणं. ३/८ चा छेद १६ करताना अंश तीनच ठेवला जातो. स्टीलच्या पट्टीवर ३/८ आणि ३/१६ च्या रेघांवर बोट ठेवून पाहा, दुसरी बरोबर निम्म्यावर आहे. तुकडे निम्म्या आकाराचे केले तर ते दुप्पट मोजावे लागतात, म्हणून ६/१६. मला हे पट्टीवरच पटलं, फळ्यावर कधी पटलं नव्हतं.

आजोबांच्या काळी, १९५७ मध्ये नवे पैसे येईपर्यंत, रुपयाचे सोळा आणे होते. बारा आणे म्हणजे पाऊण रुपया, १२/१६ म्हणजे ३/४. बाजारात जाणाऱ्या प्रत्येकाचा छेद आधीच समान होता.

इंचात छेद २, ४, ८, १६ असे दुपटीने जातात, म्हणून सोपं पडतं. ५/१२ + ७/१८ आलं की खरी परीक्षा. तिरकस गुणाकाराने छेद २१६ येतो, बेरीज १७४/२१६, आणि मग संक्षिप्त रूप देताना दमछाक. उत्तर चुकीचं नाही, पण भरती परीक्षेत तेवढा वेळ नसतो. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या 'लीलावती'त समच्छेदाच्या दोन्ही रीती दिल्यात: एकमेकांच्या छेदाने गुणा, नाहीतर छेदांना आधी सामाईक संख्येने भागून मग गुणा. दुसरी रीत त्यांनी सुज्ञांची म्हटली आहे. १२ आणि १८ दोन्हींना ६ ने भागा, २ आणि ३ उरतात. पहिल्या अपूर्णांकाला ३ ने गुणा, दुसऱ्याला २ ने: १५/३६ + १४/३६ = २९/३६. ३६ हाच लसावि.

नळ-टाकीची गणितंही हीच. एक नळ टाकी १२ तासांत भरतो, दुसरा १८ तासांत. तासाला ३/३६ + २/३६ = ५/३६ टाकी भरते, म्हणजे ७ तास १२ मिनिटं.

सुरुवातीचा महिनाभर रोज पाच बेरजा करा. आकडे इंचाचे असतील तर पेन उचलण्याआधी किती सूत येतील ते तोंडाने म्हणा. ३/८ + ५/१६ म्हणजे तीन सूत आणि अडीच सूत, साडेपाच सूत. मग वहीत ११/१६ येतंय का ते पाहा.