परदेशातल्या मुलांकडून व्हिसासाठी निमंत्रण पत्र कसं मागवावं

परदेशातल्या मुलांकडे जायचं ठरलं की पुण्यात कोथरूड-सिंहगड रोडच्या घरांतून पहिला फोन जातो तो पत्रासाठी: ‘अरे, ते इन्व्हिटेशन लेटर तेवढं पाठव.’ मुलगा नेटवरून एखादा नमुना उचलतो, नाव बदलतो आणि पाठवून देतो. तेवढ्या पत्रावर अर्ज करू नका. पत्रातल्या प्रत्येक वाक्याला आधार देणारा कागद सोबत हवा. तो नसेल तर पत्र कितीही छान लिहिलेलं असो, अधिकाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

सगळ्यात आधी, ज्या देशात जायचं त्याला नेमकं काय लागतं ते बघा. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला निमंत्रण पत्र लागतच नाही. तिथे तुमची स्वतःची परिस्थिती तपासतात, म्हणून डीएस-१६० हा ऑनलाइन व्हिसा अर्ज अचूक भरण्यावर आणि मुलाखतीच्या तयारीवर भर द्या. कॅनडाला साधं पत्र चालतं, पण त्यात काय काय असावं याची यादी त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर आहे. आईवडिलांच्या दीर्घ मुक्कामाच्या ‘सुपर व्हिसा’साठी मात्र मुलाने आर्थिक जबाबदारीचं लेखी वचन द्यावं लागतं, उत्पन्नाची अट पूर्ण करावी लागते आणि किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान एक वर्षाचा आरोग्य विमाही लागतो. फ्रान्समध्ये कुणाच्या घरी राहणार असाल, तर यजमानाने तिथल्या नगरपालिकेतून ठरावीक दाखला काढायचा असतो.

जर्मनीचं जरा नीट समजून घ्या, कारण पुण्यातली बरीच मुलं तिकडे आहेत. खर्च मुलगा करणार असेल तर साधं पत्र पुरत नाही. त्याने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन ‘फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग’ नावाचं हमीपत्र करावं लागतं. त्याची फी २९ युरो. हमीपत्राची मूळ प्रत लागते, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला स्कॅन चालत नाही. म्हणजे तिथली अपॉइंटमेंट आणि कुरियर, दोन्हींचा वेळ हिशेबात धरा. आणि फार लवकरही काढू नका. अर्जाच्या वेळी ते सहा महिन्यांपेक्षा जुनं नसावं.

आता साधं पत्र. ते संबंधित देशाच्या वकिलातीच्या व्हिसा अधिकाऱ्याला उद्देशून, इंग्रजीत, एका पानात बसवा. यजमानाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, फोन, नोकरी आणि तिथल्या वास्तव्याचा परवाना. पाहुण्यांची नावं, जन्मतारखा, पासपोर्ट क्रमांक, पुण्याचा पत्ता आणि नातं, इतकं हवंच. मजकूर थेट असावा. उदाहरणार्थ: ‘माझे आईवडील १० मे ते २५ जून या काळात माझ्या घरी राहतील. विमानाचं तिकीट ते स्वतः काढतील. राहण्या-जेवणाचा खर्च मी करेन. २५ जूनला ते पुण्याला परततील.’ खाली तारीख आणि शाईने केलेली सही. सोबत पासपोर्टची प्रत, परवान्याची प्रत, अलीकडच्या पगारपत्रिका आणि घराचा भाडेकरार जोडायला सांगा.

इथे शिवाजीनगर कोर्टाबाहेर नोटरी करून घेऊ का, असं बरेच जण विचारतात. सही करणारा म्युनिकला असताना पुण्यातल्या शिक्क्याने त्या सहीला काहीच वजन येत नाही. ते पैसे वाचवा.

खरी अडचण नावांची होते आणि ती आपल्याकडे जास्त होते. लग्नानंतर आईचं पहिलं नावसुद्धा बदललेलं असतं. मुलाच्या जन्मदाखल्यावर एक नाव, आईच्या पासपोर्टवर दुसरं, कुठे ‘राव’ आणि ‘बाई’ जोडलेलं, कुठे गाळलेलं. पत्रात नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन्‌अक्षर लिहा. फरक असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाच्या राजपत्राची प्रत जोडा आणि कव्हरिंग लेटरमध्ये एका वाक्यात खुलासा करा. मुलाचा महापालिकेचा जुना जन्मदाखला बाहेर काढून बघा. त्यात बाळाच्या नावाची जागा कोरी असेल तर नाव नोंदवून घ्यायचं काम आधी हाती घ्या. मुलाचा पासपोर्ट भारतीय असेल तर आईवडिलांची नावं असलेल्या शेवटच्या पानाची प्रतही मागवा.

तुम्ही परत येणार हे मात्र मुलाच्या पत्रातून सिद्ध होत नाही. ते तुमच्या कागदांतून दिसावं लागतं: पेन्शन, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, घराची मिळकतकराची पावती, नोकरी असेल तर रजेचं आणि ना हरकत पत्र. अर्जाच्या तोंडावर खात्यात मोठी रक्कम भरू नका. तिचा स्रोत विचारला जातो. पत्र, तिकिटाचं आरक्षण, विमा आणि रजा, चारही ठिकाणी तारखा जुळतात ना, हे तुम्ही आणि मुलाने व्हिडिओ कॉलवर एकत्र बसून तपासा.

शेंगेन देशांसाठी (एकाच व्हिसावर फिरता येणारे जर्मनी, फ्रान्ससारखे युरोपीय देश) विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. त्या पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नका, विशेषतः उन्हाळ्याच्या सुट्टीत. तुमच्या देशाचा अर्ज पुण्याच्या केंद्रात घेतात की मुंबईला जावं लागतं, ते अपॉइंटमेंट घेण्याआधी पाहून ठेवा. आणि हमीपत्राची मूळ प्रत हातात आली नसेल, तर अपूर्ण फाइल देण्यापेक्षा अपॉइंटमेंट पुढे ढकला.