इंग्रजी साहित्याचं पहिलं मार्गदर्शक पुस्तक घेण्याआधी

पुस्तकासाठी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जायच्या आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रम उतरवून घ्या. त्यातली किंवा तसलीच एखादी छोटी कविता निवडा, समजा शेक्सपिअरचं १८वं सुनीत (सॉनेट), आणि ती वहीत स्वतःच्या हाताने लिहून काढा. मोठ्याने वाचा. सगळं कळायला हवं असं नाही, पण जिथे अडलं तिथे पेन्सिलीने खूण करा. ही वही दुकानात सोबत हवीच, कारण पुस्तक पारखायचं ते याच कवितेवर.

पुस्तक हातात आलं की शेवटची सूची उघडून सुनीताचं पान काढा. तिथे नुसती १४ ओळींची व्याख्या आहे, की एखादं सुनीत घेऊन विचार कुठे वळतो ते दाखवलंय? तुमच्या वहीतल्या सुनीतात तो नवव्या ओळीला वळतो. पान वाचून ते वळण तुमचं तुम्हाला सापडलं, तर पुस्तक कामाचं.

मग छंदाचं प्रकरण, आणि इथे मुळीच घाई करू नका. मराठी माध्यमातून आलेली मुलं सर्वांत जास्त इथेच अडखळतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो. आपला कान लघु-गुरू आणि मात्रांवर तयार झालेला. इंग्रजी वृत्त मात्र उच्चारात आघात कुठे पडतो त्यावर चालतं. आयॅम्बिक पेंटामीटर या वृत्ताच्या ओळीत साधारण पाच जोड्या असतात, प्रत्येकीत आधी हलकं अक्षर, मग आघाताचं. ओळींवर आघाताच्या खुणा करून हे दाखवणारं पुस्तक घ्या. वृत्तांची नुसती नावं मोजणारं परत ठेवा, मग ते कितीही स्वस्त असो.

प्रकाशनाचं वर्ष पाहायला विसरू नका. हडसन या समीक्षकाचं साहित्याभ्यासाची ओळख करून देणारं पुस्तक १९१०चं. कविता, नाटक, कादंबरी कशी वाचावी हे तो फार जिव्हाळ्याने सांगतो, पण एलियटची ‘द वेस्ट लँड’ ही कविता आणि जॉइसची ‘युलिसिस’ ही कादंबरी आली १९२२ साली, त्यामुळे आधुनिकतावादासाठी, म्हणजे अशा नव्या वळणाच्या लेखनासाठी, दुसरं काही लागेलच. साहित्यसिद्धान्तांची ओळख करून देणारं पीटर बॅरीचं ‘बिगिनिंग थिअरी’ १९९५चं. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालं तर २००२ची दुसरी किंवा त्यानंतरची आवृत्ती बघा, पर्यावरणवादी समीक्षेचं प्रकरण दुसऱ्या आवृत्तीत आलं. पहिल्या वर्षी मात्र हे पुस्तक घेऊ नका, असं माझं ठाम मत आहे. दहा-बारा कविता आणि एखादं नाटक नीट वाचून झाल्याशिवाय सिद्धान्त कशाला लावायचे? एम. एच. एब्रम्स यांचा साहित्यसंज्ञांचा कोश घरात असावा. तो सलग वाचायचा नसतो, अडेल तेव्हा काढायचा.

प्रश्नोत्तरांची गाईडं परीक्षेच्या आठवड्यापुरती ठीक. त्यातला सारांश आधी वाचलात की कवितेत स्वतः काही शोधायला उरत नाही, म्हणून जून-जुलैत ती घेऊच नका.

आणि पैसे भरण्याआधी निवडलेलं पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयातून आठवडाभर घरी आणून बघा. वहीतल्या पेन्सिलीच्या निम्म्या खुणा जरी त्याने सुटल्या, तरी विकत घ्या.