सीताबर्डीची टेकडी चढताना या चुका टाळा

नागपुरात बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, बाजारातून मान वर केली की किल्ल्याची टेकडी समोरच दिसते. "एवढीशी तर आहे," म्हणत लोक चपला घालून, अर्ध्या लिटरची बाटली घेऊन निघतात. मग कुणी फाटकावरूनच परततं, कुणाला रांगेतच ऊन लागतं. बरेच जण वर पोहोचतात, पण पायाखालच्या जमिनीवर काय घडलं याचा पत्ता नसताना उतरून येतात. कस्तुरचंद पार्कचं मैदान, झिरो माईल हा इंग्रजांच्या काळातल्या मोजणीचा खांब, किल्ला आणि टेकडी गणपती हा फेरा अंतराने लहान आहे. रांग धरून तीन-चार तास हाताशी ठेवा. यातल्या बहुतेक चुका घरातून निघण्यापूर्वीच होतात.

कोणत्याही रविवारी जाणं

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. सामान्य लोकांसाठी तो वर्षातून तीनच दिवस उघडतो: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. बाकी ३६२ दिवस विनंती करून उपयोग नाही, पहारेकऱ्याशी वाद घालून तर मुळीच नाही. प्रवेशाची वेळ आणि कुठल्या बाजूने सोडणार हे त्या-त्या वर्षी जाहीर होतं, म्हणून आदल्या दोन दिवसांची स्थानिक वर्तमानपत्रं बघा. मागच्या वर्षीच्या आठवणीवर निघालेला माणूस हमखास चुकतो. फोटो असलेलं ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाकडे असू द्या. सामान एका लहान पाठपिशवीत मावेल इतकंच घ्या. चाकू, काडेपेटी, लायटर घरीच ठेवा. ड्रोनचा विचारही करू नका. मोबाइल खिशात ठेवा असं सांगितलं, तर तो खिशातच ठेवायचा.

तीन दिवसांपैकी कोणता निवडायचा? पहिल्यांदा जाणाऱ्याने २६ जानेवारी निवडावा. सकाळी थंडी बोचते, पण दुपारपर्यंत स्वेटर कमरेला बांधायची वेळ येते. म्हणून एक जाड जॅकेट घालण्यापेक्षा दोन पातळ थर बरे. अडचण वेगळीच आहे. प्रजासत्ताक दिनाचं संचलन कस्तुरचंद पार्कवर असतं आणि सकाळी आसपासचे रस्ते बंद असतात. त्या दिवशी पार्क आधी बघायचा हट्ट सोडा आणि फेरा उलटा करा. १५ ऑगस्टला हवा छान असते, टेकडी हिरवीगार असते, पण दगडांवर शेवाळ असतं. १ मे हा सगळ्यात कठीण दिवस, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

गाडी घेऊन बर्डीत शिरणं

सुटीच्या दिवशी बर्डीत पार्किंग शोधण्यात जो पाऊण तास जातो, तो रांगेत उभं राहण्याचा सगळ्यात चांगला वेळ असतो. मेट्रोने या. ऑरेंज मार्गिकेवरच्या झिरो माईल फ्रीडम पार्क स्थानकावर उतरलं की विधानभवन, झिरो माईल आणि कस्तुरचंद पार्क तिन्ही पायी होतात. अॅक्वा मार्गिकेने येणाऱ्यांनी सीताबर्डी इंटरचेंजला मार्गिका बदलावी.

झिरो माईलला नुसता फोटो काढणं

चढण्याआधी इथे दहा मिनिटं द्या. चार घोडे आणि वालुकाश्माचा खांब याकडेच सगळ्यांचं लक्ष जातं. खरी नोंद त्याच्या शेजारच्या दगडावर आहे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा हा १९०७ चा प्रमाण तलचिन्ह दगड, म्हणजे उंची मोजण्यासाठी रोवलेली पक्की खूण. त्यावरची उंची समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर. आपण ज्या टेकडीवर जाणार ती या आकड्याच्या वर किती, याचा अंदाज इथे उभं राहूनच बांधता येतो. फोनमधल्या उंची सांगणाऱ्या अॅपवर भरवसा असेल, तर आधी ते याच दगडाशी ताडून बघा. फरक निघाला तर तेवढा लक्षात ठेवा आणि वरच्या आकड्यातून वजा-अधिक करा.

खांबावर गावांची अंतरं मैलात कोरली आहेत: जबलपूर १७०, शिवनी ७९, हैदराबाद ३१८. मैलाला १.६ ने गुणा. जबलपूर २७२ किलोमीटर येतं, आजच्या रस्त्याच्या अगदी जवळ. मुलांना हा हिशेब करायला लावा, त्यांना तो आवडतो.

आणि मुलांना "हा देशाचा मध्यबिंदू" असं छातीठोक सांगू नका. फाळणीनंतर देशाचा नकाशाच बदलला. आजच्या भारताचा भौगोलिक मध्य मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यातल्या करौंदीजवळ मानला जातो. झिरो माईलचं महत्त्व मोजणीच्या इतिहासात आहे आणि ते तेवढ्यानेही खूप आहे.

पायातलं आणि बाटलीतलं

ही टेकडी दख्खनच्या काळ्या दगडाची, म्हणजे लाव्हारसाच्या बेसाल्टची आहे. या दगडाच्या दोन खोडी. वर्षानुवर्षं पाय पडून तो गुळगुळीत होतो आणि पाऊस पडला की काचेसारखा निसरतो. आणि जिथे तो झिजतो तिथे त्याचा मुरूम होतो. उतारावर मुरमाचे खडे बुटाखाली गोट्यांसारखे घरंगळतात. म्हणून सपाट तळव्याची चप्पल नको आणि कालच घेतलेला कोरा बूटही नको. खोल नक्षीचा रबरी तळवा असलेला, निदान दोन आठवडे वापरलेला बूट घाला. चढताना फारसं कुणी पडत नाही, पडतात ते उतरताना. गुडघे किंचित वाकवून लहान पावलं टाका, टाचेवर जोर देऊ नका, आणि फोन बघायचा असेल तर थांबून बघा.

टेकडीवर नवगजा अली बाबांची मजार आहे आणि खाली रेल्वे स्थानकाच्या बाजूला टेकडी गणपती. दोन्हीकडे बूट काढावे लागतात. १ मेच्या दुपारी तापलेल्या फरशीवर अनवाणी दहा पावलंही सहन होत नाहीत. सुती मोज्यांचा एक जादा जोड पिशवीत टाका.

पाण्याची चूक दुहेरी असते: कमी आणणं आणि एकदम पिणं. मे महिन्यात माणशी दोन लिटर, इतर दोन दिवशी एक ते दीड लिटर धरा. तहान लागायची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी थोडं-थोडं प्या. घाम खूप येत असेल तर नुसतं पाणी पुरत नाही, मीठही जातं. ओआरएसची एक लिटरची पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतणं ही नेहमीची चूक. द्रावण दुप्पट खारट होतं आणि फायद्याऐवजी त्रास देतं. पुडीवर लिहिलं असेल तेवढंच पाणी घ्या. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कैरीचं पन्हंही उत्तम, फक्त मीठ घालायला विसरू नका.

खिशातल्या कांद्यावर विसंबणं

२३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली. १ मेला एवढं नसतं, पण पाऱ्याने चाळिशी ओलांडलेली असणं नेहमीचं, आणि टेकडीवरचा काळा दगड सकाळपासून तापत असतो. खिशातला कांदा यावर काही करत नाही. डोक्याला, कानाला दुपट्टा गुंडाळायची आपली नागपुरी पद्धत मात्र खरोखर कामाची आहे. दुपट्टा सुती, फिक्या रंगाचा घ्या आणि मधूनमधून ओला करा.

डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे येणं ही पहिली सूचना. लगेच सावली, मिठाचं पाणी, आणि वर जाणं रद्द. आता थोडंसंच राहिलंय म्हणून पुढे नेणं, हीच ती चूक जिची किंमत मोठी पडते. माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, अंग चटका बसावा इतकं तापलं, तर तो उष्माघात आहे. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, वारा घाला. मान, काखा आणि जांघेत ओली फडकी ठेवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

माथ्यावर दिशा न समजून घेणं

वर पोहोचल्यावर आधी पूर्व कुठली ते ठरवा. याशिवाय इथे भोसले आणि इंग्रज यांच्यात झालेली १८१७ ची लढाई डोळ्यांपुढे उभी राहत नाही. पूर्वेला महाल, भोसल्यांची जुनी नागपूर नगरी. पश्चिमेला इंग्रजांची रेसिडेन्सी होती, रिचर्ड जेंकिन्स तिथला रेसिडेंट, म्हणजे भोसल्यांच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी. दोघांच्या मधोमध ही टेकडी. टेकडी ज्याच्या हातात, रेसिडेन्सी त्याच्या माऱ्याखाली. सगळा खेळ एवढ्यासाठी होता.

टेकडी एकच दिसत असली तरी उंचवटे दोन आहेत, मोठी टेकडी आणि उत्तरेची लहान टेकडी, मध्ये अरुंद धार. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी लढाई पेटली ती रात्रभर चालली. २७ ला सकाळी आप्पासाहेब भोसल्यांच्या, म्हणजे दुसऱ्या मुधोजींच्या, फौजेतल्या अरबांनी लहान टेकडी घेतली आणि तिथून मोठ्या टेकडीवर मारा सुरू केला. धारेवरचं अंतर डोळ्यांनी मोजा, मग इंग्रजांना ती लहान टेकडी परत घेणं का भाग पडलं ते कुणी न सांगता कळतं. ती अरबांच्या हातून गेली आणि लढाईचं पारडं फिरलं. १६ डिसेंबरला आप्पासाहेब इंग्रजांच्या स्वाधीन झाले.

इथेच आणखी एक चूक पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते: १९२३ च्या एप्रिल-मेमध्ये गांधीजी या किल्ल्यात कैदेत होते. मार्च १९२२ ला शिक्षा झाल्यापासून फेब्रुवारी १९२४ ला सुटका होईपर्यंत ते येरवड्याचे कैदी होते. मुलांच्या वहीत हे साल जाण्याआधी ते तपासून घ्यावं.

दगडात पांढरे, चमकदार खडे दिसले तर बघा, हात लावा, पण उकरू नका. लाव्हा थंड होताना राहिलेल्या वायूच्या पोकळ्यांत नंतर ही खनिजं साचली. नागपूरच्या याच खडकांचा आणि त्यांच्या थरांमधल्या जीवाश्मांचा अभ्यास स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ नंतर इथे राहून केला. हिस्लॉप कॉलेजचं नाव त्यांचंच.

तीन दिवस हुकले तर

तोच काळा दगड सेमिनरी हिल्सला वर्षभर पायाखाली मिळतो. तिथून भोसलेकालीन तेलंखेडी, म्हणजे फुटाळा तलावापर्यंत उतरता येतं. अंबाझरी तलावाकडे जायचं असेल तर जोराच्या पावसात सांडव्याच्या खाली थांबू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तिथलं पाणी वस्त्यांत किती वेगाने शिरलं ते शहराने पाहिलं आहे.

पावसाळा सरला की या माळांवर कुसळी गवत वाळतं आणि मोज्यांत कुसळं भरतात. लोक ती मागे ओढतात, ती तुटतात आणि टोक आतच राहतं. कुसळाचे बारीक केस मागे वळलेले असतात, त्यामुळे ते पुढेच सरकतं. मोजा उलटा करा, टोक जिकडे निघालंय त्याच दिशेने चिमटीत धरून आरपार ओढा. जाड लोकरी मोजे त्या दिवसांत घालूच नका. गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट घालून तिचे पाय मोज्यांवरून खाली सोडा.