लिमिट पोकरमध्ये छोटी जोडी आणि समोर आक्रमक खेळाडू: या चुका टाळा

लिमिट होल्डेम, म्हणजे प्रत्येक बेटची रक्कम ठरलेली असणारं पोकर. हातात दोन पंज्या आल्या, समोरच्याने रेझ केलं (बेट वाढवली), फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन सामाईक पानांत, राणी, नव्वी, तिर्री पडली. त्याने बेट लावली आणि मी पानं टाकली. पुढच्या वेळी पुन्हा पंज्याच, पण पॉटमध्ये (डावात जमलेल्या पैशांसाठी) पाच जण आणि फ्लॉपवर राजा, गुलाम, अठ्ठी. मागच्या डावाचा सल मनात होता, म्हणून शेवटपर्यंत कॉल करत (समोरच्याच्या बेटइतके पैसे भरत) राहिलो. बरीच वर्षं मी असाच खेळलो. दोन्हीकडे पैसे गेले आणि दोन्ही चुकांचं मूळ एकच होतं. दुर्रीपासून सत्तीपर्यंतच्या जोडीचं काम समोर किती जण आहेत त्यावर बदलतं. गर्दीत ती सेट (जोडीचंच तिसरं पान) लागेल या आशेवर खेळायची. एकट्या आक्रमक खेळाडूसमोर मात्र तो तयार हात असतो, पुष्कळदा त्याच्यापेक्षा सरस.

सेटच्या आशेने दोन-तीन बेट भरणं

फ्लॉपवर सेट किंवा त्याहून चांगलं लागण्याची शक्यता 11.8 टक्के, म्हणजे साधारण साडेआठ वेळांतून एकदा. नो-लिमिटमध्ये, जिथे हवी तेवढी बेट लावता येते, तो एक डाव समोरची सगळी रास घेऊन येऊ शकतो. लिमिटमध्ये प्रत्येक बेट ठरलेली असल्याने तशी भरपाई होत नाही. एका बेटमध्ये चार-पाच जणांसोबत फ्लॉप बघायला मिळत असेल तर जरूर बघा. पण आक्रमक खेळाडू तुमच्या डावीकडे असेल तर तुमच्या एका बेटच्या दोन होतात, आणखी कुणी चढवलं तर तीन. अशा जागी सुरुवातीच्या खुर्चीवरून दुर्र्या, तिर्र्या, चौक्या सरळ टाकून द्या.

तो उजवीकडे असेल आणि त्याने रेझ केलं असेल तर पुन्हा रेझ करून बाकीच्यांना बाहेर काढा, नाहीतर पानं टाका. मधला मार्ग, म्हणजे नुसता कॉल, मला सगळ्यात महागात पडलेला आहे. मागचे आणखी दोघं येतात, जोडी एकट्याविरुद्धची ताकद गमावते आणि सेटचा भाव मिळेल इतकी गर्दीही होत नाही.

एकास एक असताना पहिल्याच बेटला घाबरणं

इथे सगळ्यात जास्त पैसे गळतात, म्हणून हिशेब नीट मांडतो. त्याने बटणावरून (फ्लॉपनंतर शेवटी खेळणारी जागा) रेझ केलं, स्मॉल ब्लाइंड (आधीच सक्तीची अर्धी बेट भरणारा) गेला, तुम्ही बिग ब्लाइंडमधून (सक्तीची पूर्ण बेट भरणारी जागा) कॉल केलं. लहान बेट हे माप धरलं तर पॉटमध्ये 4.5 आहेत (त्याचे 2, तुमचे 2, स्मॉल ब्लाइंडचा 0.5). शेवटपर्यंत कॉल करायला फ्लॉपला 1, टर्नला (चौथं सामाईक पान, इथून बेट दुप्पट) 2, रिव्हरला (पाचवं आणि शेवटचं पान) 2, असे 5 लागतील. जिंकलात तर 4.5 आणि त्याचे 5 मिळून 9.5 मिळतात. म्हणजे साधारण 34.5 टक्के वेळा जिंकलात की खर्च निघाला. तिनात एकदापेक्षा किंचित जास्त!

आता त्याच्या बाजूने बघा. जोडी नसलेल्या दोन पानांपैकी एखाद्याची फ्लॉपवर जोडी लागण्याची शक्यता सुमारे 32 टक्के. जो माणूस बटणावरून कुठलाही एक्का, कुठलाही राजा, कुठलीही लागोपाठची पानं घेऊन रेझ करतो, तो बहुतेक वेळा रिकाम्या हातानेच बेट लावत असतो. त्याची दोन्ही पानं तुमच्या जोडीहून मोठी असतील तर फ्लॉप चुकल्यावरही सहा पानं त्याला वाचवतात आणि रिव्हरपर्यंत चारांतून एकदा तो पुढे जातो. हे धरूनही जोडी टिकते.

मात्र आकडा डोळे मिटून वापरू नका. राणी-नव्वी-तिर्री वेगवेगळ्या रंगांत असेल तर कॉल करा. गुलाम-दश्शी-नव्वी आणि त्यात दोन बदाम असतील तर तुम्ही पुढे असलात तरी त्याला पुष्कळ पानं चालतात. तिथे पंज्या सोडा.

2015 च्या जानेवारीत अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी दोघांमधलं लिमिट होल्डेम व्यवहारतः सोडवल्याचं जाहीर केलं. त्यांच्या सेफियस या प्रोग्रॅमची एक गोष्ट मला फार शिकवून गेली: बिग ब्लाइंडमधून तिर्र्या-चौक्यांसारख्या जोड्यांवर तो माणसांपेक्षा जास्त वेळा पुन्हा रेझ करतो. हे दोघांच्याच खेळापुरतं खरं आहे, भरलेल्या टेबलावर ते जसंच्या तसं आणू नका.

‘कुठे आहोत ते कळावं’ म्हणून रेझ

शांत खेळाडूसमोर याला अर्थ आहे. आक्रमक माणूस एक्का-गुलाम घेऊनही उलट रेझ करतो, मग कळलं काय? जास्तीचे पैसे गेले आणि टर्नला तुम्ही जिंकणारा हात टाकलात. तो बेट लावतच राहणार असेल तर चेक (स्वतः बेट न लावणं) आणि कॉल पुरे. पण फ्लॉपला बेट लावून टर्नला चेक करण्याची त्याची सवय असेल, तर टर्नला तुम्हीच आधी बेट लावा. त्या सहा पानांना फुकट संधी देऊ नका.

जोडी बोर्डात बुडाली हे न दिसणं

तुमच्याकडे तिर्र्या आहेत, बोर्डावर (टेबलावरच्या सामाईक पानांत) राणी, नव्वी, नव्वी, पंजी आणि रिव्हरला आणखी एक पंजी. आता तुमच्या तिर्र्या मोजल्याच जात नाहीत, तुमची सर्वोत्तम पाच पानं बोर्डाचीच आहेत. एक्का-गुलाम घेऊन हरत असलेला माणूस एक्क्यावर जिंकला. रिव्हरला बोर्ड पुन्हा वाचल्याशिवाय पैसे पुढे सरकवू नका.

गर्दीत सेट लागला नाही तर फ्लॉपलाच निघा. टर्नला सेट लागायला 47 पैकी फक्त 2 पानं आहेत आणि तेवढा भाव पॉट जवळजवळ कधीच देत नाही.

सेट लागल्यावर फार लपवणं

एकास एक असाल तर फ्लॉपला त्याला बेट लावू द्या आणि टर्नला, बेट दुप्पट झाल्यावर, रेझ करा. गर्दीत बेट लावणारा तुमच्या लगेच डावीकडे असेल तर चेक करा, मधल्यांना कॉल करू द्या, मग रेझ. बाकी ठिकाणी लगेच चढवा. बोर्डावर एकाच रंगाची तीन पानं दिसली म्हणून सेट टाकू नका, फ्लॉपपासून फुल हाउस (एकाच अंकाची तीन पानं आणि एक जोडी) किंवा त्याहून चांगलं व्हायची शक्यता सुमारे 33 टक्के असते.

आणि रिव्हरला कॉल केलंत की, जिंका वा हरा, त्याची पानं नीट बघून घ्या. तीन वेळा बेट लावून त्याने नुसता एक्का दाखवला असेल, तर पुढच्या वेळीही शेवटपर्यंत कॉल करा. दर वेळी जोडीच निघत असेल, तर फ्लॉप आणि टर्न भरून रिव्हरच्या 2 लहान बेट वाचवा.